घोड्यांची डॉक्टर व्हायचंय, पण घरात कधी घोडा नव्हता

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख कळू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात). लिहिणारी नाशिकरोडची, वय २७, व्हेटर्नरीची डिग्री झालीये आणि दोन वर्षं गंगापूर रोडच्या एका पेट क्लिनिकमध्ये नोकरी करतेय. पगार ठीक, डॉक्टर चांगले, पुढेमागे पार्टनर करून घेऊ असंही म्हणालेत. मागच्या लग्नसराईत रात्री पंचवटीतल्या एका घोडीवाल्याचा फोन आला, वरातीची घोडी पोटदुखीने लोळतेय, कुणीच यायला तयार नाही. ही धावत गेली. तेव्हापासून हिच्या डोक्यातून घोडा जात नाहीये. आता पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर (रेसच्या घोड्यांची पैदास करतात तिथे) ज्युनियर व्हेटची जागा मिळतेय, पगार आत्ताच्या जवळपास निम्मा, राहायचं तिथेच, आणि डिसेंबरच्या आत जॉइन व्हायचं. बाबा प्रेसमधून रिटायर झालेत, ते म्हणतात एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो, घोड्याच्या लाथा कशाला खातेस. आईला लग्नाची काळजी. आणि हिचं स्वतःचं म्हणणं: "ताई, माझं बॅकग्राउंडच नाही. आमच्या घरात सायकलच्या वर कुणी बसलं नाही. हे आर्मीवाल्यांच्या नाहीतर रेसवाल्यांच्या मुलांचं फील्ड आहे. मी उगाच हट्ट करतेय का?"

अगं, पहिली गोष्ट सांगते. तुझं पत्र चार पानांचं आहे, त्यात पगारावर चार ओळी, लग्नावर दोन, पार्टनरशिपवर एक, आणि त्या घोडीवर दीड पान. मालक बाटलीने तिच्या घशात तेल ओततोय, तू आधी त्याचा हात धरलास, मग जबड्याखालची नाडी मोजलीस, हिरड्यांचा रंग बघितलास, दोन्ही बरगड्यांमागे स्टेथो लावून बसलीस आणि एका बाजूला आतड्यांचा आवाजच ऐकू येईना म्हणून तुझ्या पोटात गोळा आला, पुण्यातल्या एका सीनियरना फोन लावून त्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शन दिलंस, आणि पहाटे तिने लीद टाकली तेव्हा तो मालक म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर कुत्र्याच्या डॉक्टर ना?" हे वाचून मला हसू पण आलं आणि हेही कळलं की खरं उत्तर तुझं ठरलेलंच आहे, तुला फक्त कुणीतरी "वेडी आहेस का" असं न म्हणता ऐकून घ्यायला हवंय. पण सल्ला मागितलायस तर नुसती मान डोलावणार नाही, काही गोष्टी उकरून काढणारच आहे.

आधी ते बॅकग्राउंड. ही समजूत कुठून आली तुझ्या डोक्यात? आपल्याकडे घोड्यांच्या डॉक्टरची वेगळी डिग्री नसतेच. साडेपाच वर्षांचं तेच बीव्हीएससी, त्यातच इंटर्नशिप, गाय म्हैस शेळी कोंबडी कुत्रा घोडा सगळं एकाच पोत्यात, आणि घोडा त्यात चिमूटभर. म्हणजे डिग्री हातात पडते त्या दिवशी कर्नलची मुलगी आणि प्रेसमधल्या कामगाराची मुलगी कागदावर सारख्याच. पुढे जे काही होतं ते कुणाच्या हाताखाली किती दिवस राहिलात यावर. मी या कामातल्या ज्या दोघातिघांशी बोलले त्यातल्या एकाच्याही घरी घोडा नव्हता, एकाच्या घरी तर साधी गायसुद्धा नव्हती.

पण एक खरं आहे, ते लपवत नाही. तबेल्यात वाढलेल्या सईसाच्या, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याच्या पोराला जे सातव्या वर्षी कळतं ते तुला सत्ताविसाव्या वर्षी शिकायचंय. कान मागे गेले म्हणजे काय, मागचा पाय टेकवून उभाय तो आरामात आहे की दुखतंय म्हणून, चंदी (दाणा) पुढे ठेवल्यावर रोजच्यासारखा तोंड घालतोय का नाही. ही कमी भरून निघते, पण पुस्तकातून नाही निघत. त्यासाठी सईसाला आणि नालबंदाला विचारायची लाज सोडावी लागते. घोड्याची निम्मी दुखणी खुरात असतात आणि नालबंद तो खूर रोज हातात घेऊन बसलेला असतो, एक खिळा आत जरा जास्त गेला तर घोडा लंगडतो आणि तो खिळा कुठला हे त्याला हातोडीच्या आवाजावरून समजतं. "मी डॉक्टर, हा अंगठाबहाद्दर" असं डोक्यात ठेवून गेलीस तर वर्षभर राहून पण कोरडी परत येशील.

आणि घोड्यावर बसायला शीक. फार भारी रायडर व्हायला नकोय, पण चाल बिघडलीये म्हणजे काय हे खाली उभं राहून बघण्यात आणि वर बसून कळण्यात फरक पडतो. नाशिकमध्ये शिकायची सोय आहे, भोसला मिलिटरी स्कूलमुळे या गावाला घोडेस्वारी काही नवीन नाही.

दुसरी समजूत, घोडा म्हणजे रेसकोर्स. तुझ्या सगळ्या पत्रात थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), महालक्ष्मी, पुणे, एवढंच आहे. अगं ज्या घोडीने तुला हे वेड लावलं ती वरातीची होती की! टर्फ क्लब आणि स्टड फार्म हा या धंद्यातला सगळ्यात चकचकीत कोपरा, पण कोपराच. येवल्याचा घोडेबाजार तुझ्या जिल्ह्यातच आहे, सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी जी यात्रा भरते तिथे मारवाडी काठियावाडी घोडे बघायला लोक कुठून कुठून येतात, आपली भीमथडी पण आता नोंदलेली जात झालीये. गंगापूर धरणाकडे आणि त्र्यंबक रोडला फार्महाऊसवाल्यांनी हौसेने घोडे बांधलेत, त्यांच्यातल्या अर्ध्यांना किती चारा घालायचा आणि वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यायचे असतात हेही माहीत नसतं. २०२७ च्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकीत घोडे असणारच. शिवाय गाढवं आणि खेचरं, त्यांना कुणी विचारत नाही पण वीटभट्टीवर सगळ्यात जास्त मार तीच खातात आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना डॉक्टर लागतात.

अजून एक वाट तर तुझ्या कुणी लक्षातच आणून दिली नसेल. साप चावल्यावर देतात ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला विषाचे अगदी थोडेथोडे डोस देत जायचे, त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मग ते रक्त काढून त्यातून सिरम. हाफकिन या लस आणि सिरम बनवणाऱ्या सरकारी संस्थेचे घोडे पिंपरीला असतात. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे म्हातारे घोडे हाफकिनला जायचे आणि त्यातूनच पुढे १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना माहीत असते. अशा ठिकाणी घोड्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला, किती रक्त कधी काढायचं हे बघायला व्हेट लागतोच. ग्लॅमर शून्य, पण स्थिर नोकरी.

आर्मीचं पण नीट बघ. रिमाउंट व्हेटर्नरी कोअर म्हणजे आरव्हीसी, त्यांचं सेंटर मेरठला, शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या जाहिराती निघतात, आता मुलींना पण जागा असतात पण अगदी मोजक्या. घोडे, खेचरं, कुत्री तिन्हीवर हात बसतो आणि शिकवण्यात कंजुषी नसते. वय आणि बाकी अटी चालू जाहिरातीत वाच, मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवरून नको.

आता बाबांचं. तू लिहिलंयस "बाबांना काहीच समजत नाही". समजतंय गं त्यांना. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने ग्लासगो विद्यापीठाकडून पाहणी करून घेतली होती, २०१४ मध्ये ती आली, त्यात निघालं की तीस वर्षांच्या करिअरमध्ये एका डॉक्टरला काम थांबवावं लागेल अशा सात आठ तरी दुखापती होतात, आणि त्यात मागच्या पायाची लाथ पहिल्या नंबरवर. तिथे ट्रेन केलेले घोडे, धरायला माणसं, सगळं असून ही गत, आपल्याकडे तर लग्नाच्या मांडवामागे बँड वाजतोय आणि एक दहावीतला पोरगा लगाम धरून मोबाइल बघतोय. तेव्हा बाबांशी भांडू नकोस, त्यांना सांग की काळजी बरोबर आहे आणि मी त्यावर हे हे करणार आहे. खांद्याशी उभं राहायचं, सरळ मागून कधी जायचं नाही, धरणारा माणूस आपल्याच बाजूला उभा हवा, हेल्मेट घालायला लाजायचं नाही, रेबीजची आधीच घ्यायची लस घ्यायची, आणि स्वतःच्या नावावर अपघात विमा. ग्लँडर्स नावाचा आजार घोड्याचा माणसाला होतो, त्यात घोड्याला वाचवता येत नाही, कायद्याने कळवावंच लागतं, तेव्हा नाकातून चिकट पिवळं येतंय आणि अंगावर गाठी फुटतायत असा घोडा दिसला की हातमोजे मास्क आणि सरकारी डॉक्टरांना फोन, मालक कितीही हातापाया पडला तरी.

एमपीएससीवर मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. तू ते असं लिहिलंयस जसं काही सरकारी दवाखाना म्हणजे शिक्षा. पशुधन विकास अधिकारी झालीस आणि पोस्टिंग येवल्याला नाहीतर शहाद्याकडे मिळालं तर घोडे तुझ्या दारात येतील, पगार वेळेवर येईल. फॉर्म भरत राहा. दोन दरवाजे उघडे ठेवले म्हणून कुणी पहिल्याशी बेइमानी केली असं होत नाही.

पैशाचं तू चार ओळींत उरकलंयस, मीच बोलते. हे क्षेत्र लहान आहे आणि अजून आक्रसतंय. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९ ला ३.४ लाख. गाईबैल १९ कोटींच्या वर. म्हणजे टांगे गेले, सामानाची तट्टं गेली, उरलेत ते रेसचे, हौसेचे आणि लग्नाचे. उरलेल्या घोड्यांवर मालक खर्च करतात हे खरं, पण गिऱ्हाईक मोजकं, सगळे एकमेकांना ओळखतात, एक घोडा तुझ्या चुकीने गेला तर महिन्याभरात सारंगखेड्यापर्यंत बातमी आणि एक वाचला तरी तसंच. अमेरिकेत पण हेच रडगाणं आहे, तिथली अश्ववैद्यांची संघटना सांगते की नवीन डॉक्टरांपैकी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास सरळ घोड्यांकडे येतात आणि जे येतात त्यातले निम्मे पाच वर्षांत कुत्र्या-मांजरांकडे वळतात नाहीतर धंदाच सोडतात. कारणं काय, तर पगार कमी, रात्रीबेरात्री फोन, सुट्टी नाही. घोड्यावरचं प्रेम कमी झालं म्हणून नाही जात कुणी. म्हणून तुझी हौस किती खरी हे मी तपासतच नाहीये, मी तपासतेय की त्या फार्मवर तुला झोप मिळणार आहे का.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. तू विचारतेयस घोडा की कुत्रा, निम्मा पगार की पूर्ण. मी विचारते तिथे शिकवणार कोण? ज्युनियर व्हेट म्हणून घेतात आणि प्रत्यक्षात रजिस्टर भरायला, लस टोचायला, जंताचं औषध पाजायला ठेवतात असं पण होतं आणि वर्षभर घोड्यापासून वीस हात लांब राहूनच बाई परत येते. त्याउलट, समजावून सांगणारा सीनियर असेल तर निम्मा पगार ही फी समज, पीजीपेक्षा स्वस्त पडेल.

स्टड फार्मवर शिकण्यासारखं काय असतं ते थोडं सांगते म्हणजे काय विचारायचं ते कळेल. थरोब्रेडचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला, सगळ्यांचा एकच, त्यामुळे शिंगरू जानेवारीनंतर जितकं लवकर होईल तितकं मालकाला हवं. घोडी अकरा महिने गाभण असते आणि बहुतेक वेळा रात्रीच विते, माणसं बाजूला झाली की. म्हणून तर डिसेंबरच्या आत ये म्हणतायत. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे, यातलं एक जरी चुकलं तरी डॉक्टरला उठवायचं. वार तीन तासांनी पण अडकून राहिली तर घोडीच्या पायापर्यंत त्याचा त्रास जाऊ शकतो, गाईसारखं उद्या बघू चालत नाही. मग परत घोडी लावायची, थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, नैसर्गिकच, त्यामुळे बीज कधी सुटणार याचा अंदाज सोनोग्राफीवर घ्यायचा, आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास परत बघायचं की जुळी तर नाहीत, कारण घोडीला जुळी म्हणजे बहुतेकदा दोन्ही हातची जातात. हे बोटांत यायला शेकडो घोड्या तपासाव्या लागतात. नाशिकमध्ये तुला एवढ्या घोड्या दहा वर्षांत दिसणार नाहीत, तिथे एका सीझनमध्ये दिसतील.

म्हणून होकार द्यायच्या आधी फोन करून सरळ विचार. सोनोग्राफीचा प्रोब माझ्या हातात कधी येणार, पहिल्या महिन्यात की कधीच नाही? रात्री घोडी विताना मी एकटी असणार का सीनियर फार्मवरच राहतात? आधीची ज्युनियर का सोडून गेली आणि तिचा नंबर मिळेल का? (नंबर द्यायला काचकूच केली तर तेच उत्तर समज.) राहायला खोली कशी, कडी आतून लागते का, बाथरूम वेगळं आहे का, फार्मवर अजून कुणी बाई आहे का. आठवड्याची सुट्टी कागदावर आहे का तोंडी. बाँड आहे का. लाथ लागली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. हे विचारलं तर उद्धट वाटेल असं वाटत असेल तर वाटू दे, चांगला सीनियर या प्रश्नांवर खूश होतो.

आता तुझ्या क्लिनिकबद्दल एक शब्द, कारण तू त्याच्याविषयी जरा तुच्छतेने लिहिलंयस आणि ते मला आवडलं नाही. भूल कशी द्यायची, शीर कशी पकडायची, रडणाऱ्या मालकाला खर्च कसा सांगायचा, हे तुला त्या लॅब्रॅडॉर आणि पर्शियन मांजरांनी शिकवलंय. नाशिकमध्ये परत यायचं ठरवलंस तर नुसत्या घोड्यांवर घर चालणं पहिली काही वर्षं कठीण, आठवड्यातले चार दिवस क्लिनिक आणि दोन दिवस घोडे हा मला सगळ्यात व्यवहारी संसार दिसतो. तेव्हा डॉक्टरांना राजीनामा तोंडावर फेकू नकोस, बसून सांग की एक सीझन शिकायला जातेय, परत आले तर तुमच्याकडे घोड्यांचं काम पण सुरू करता येईल. पार्टनरशिपचं बोलणं तेव्हा तुझ्याच बाजूने होईल.

लग्नाचं काय सांगू. "रात्री घोडी विते म्हणून बायको घरी नसते" हे ज्याला चालणार नाही तो तुला आधीच कळलेला बरा. आईला एवढंच सांग की एक वर्ष मागतेय, संन्यास नाही घेत.

अशीच पत्रं बारावीतल्या मुलामुलींची पण येतात म्हणून त्यांच्यासाठी जाता जाता: पीसीबी, नीट, मग आपल्याकडे माफसूची (राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची) कॉलेजं, नागपूर, परळ, शिरवळ, परभणी, उदगीर. "मला फक्त घोडेच" म्हणून तिथे जाऊ नका, गाईच्या गोठ्यात रमला नाहीत तर साडेपाच वर्षं निघणार नाहीत. इंटर्नशिपमध्ये घोड्यांची जागा मागून घ्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मेडिसिन, सर्जरी किंवा गायनॅकमध्ये एमव्हीएससी करून घोड्यांवर थिसिस घेता येतो, आणि हिसारला आयसीएआरचं घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथलं काम बघून ठेवा. आणि डिग्रीनंतर राज्याच्या व्हेटर्नरी कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुणाच्या घोड्याला सुई लावू नका, "मित्राचाच घोडा आहे" हे कारण नाही. घोडेमालक वाचत असतील तर त्यांना पण हात जोडून एक सांगते, पोट दुखणाऱ्या घोड्याला बाटलीने तेल पाजू नका, घोड्याला उलटी करता येत नाही आणि तेल चुकून फुप्फुसात गेलं तर पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. चारा काढून घ्या, फोन करा, वाट बघा.

तर तुझ्यासाठी माझं मत: फोनवर उत्तरं बरी आली तर जा, एक पूर्ण सीझन आणि वर थोडे महिने, म्हणजे साधारण वर्षभर. शेवटी हिशोब कर की किती घोड्या स्वतःच्या हाताने तपासल्या, किती वेळा नाकातून पोटात नळी स्वतः घातली, किती रात्री एकटीने निभावलं. आकडे चांगले असतील तर पुढचं वर्ष मागून घे, नसतील तर नाशिकची गाडी पकड, त्यात हार नाही कसली.

जॉइन व्हायच्या आधी बाबांना घेऊन एकदा फार्म बघून ये. रविवारी दुपारी नको, तेव्हा सगळं झाडून पुसून ठेवलेलं असतं. मधल्या वारी पहाटे पाच साडेपाचला पोहोचा, खरारा चालू असतो, चंदी वाटत असतात, सईस चहा पाजतील, बाबांना त्यांच्याशी बोलू दे, तू तोवर सीनियर किती वाजता तबेल्यात येतात ते बघ. आणि टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंयस ते आजच शोधून काढ.